चाक फिरवून बघा!

जहाजवाल्यांना यातून काय काय मिळणार होतं, ते चिमटीनं संग्रहालयाच्या पायरीवर बसून बोटांवर मोजलं. मोठ्या दालनातली मधली जागा, एक. पितळी पाटीवर स्वतःचं नाव, दोन. ते वाचून येणारी नवी गिऱ्हाइकं, तीन. आणि मेहनत? एका दिवसाचीही नाही! मेहनत होती मामाची. तीन वर्षांचे सगळे रविवार!

"तू मामाचं जहाज नक्की ओळखलंस ना?" सुतळीनं विचारलं. ही तिची मावसबहीण, टोपणनावासारखीच लांब आणि बारीक.

"मी आंधळी आहे का? त्यातल्या निम्म्या फळ्या मी धरल्यात!"

ते खरंच होतं. मामाची बोटं जायची नाहीत तिथं चिमटा घेऊन हीच शिरायची, म्हणून तर ती चिमटी.

दोन महिन्यांपूर्वी जहाजवाले घरी आले होते. लाकडी जहाजांच्या प्रतिकृती करून विकणं हा त्यांचा धंदा. "काचेची पेटी करून देतो, तुमच्याकडून काय घ्यायचं!" म्हणत ते मामाचं अडीच फुटी जहाज घेऊन गेले. मग निरोप आला, लाकडाला कीड लागली, फेकून दिलं. मामा दोन दिवस धड जेवला नव्हता. आणि आज सुट्टी म्हणून या दोघी आणि चिमटीचा भाऊ भोंगा असे तिघं इथं येतात, तर कीड लागलेलं जहाज दालनात मधोमध!

"मामाचं आहे म्हणता, मग नाव कुठंय?" पहारेकऱ्यानं दरडावलं होतं. तळाशी मामानं नाव कोरलं होतं तिथं आता घासल्याचा पांढुरका डाग होता. "चला, बाहेर खेळा!"

तिघं धावत घरी गेली. मामानं सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"जाऊ दे गं. ते ठरल्या तारखेला काम देतात. मला तीन वर्षं लागतात. धंदेवाल्यात आणि हौशी माणसात तोच फरक."

चिमटीला जहाजवाल्यांपेक्षा मामाचाच जास्त राग आला.

"भोंग्या," ती धाकट्या भावाला म्हणाली, "पाच वाजता जहाजवाले संग्रहालयात सगळ्यांना जहाज दाखवणार आहेत. तुझा आवाज लागणार आहे!"

पाच वाजता दालन भरलं. संग्रहालयाच्या प्रमुख बाई पहिल्या रांगेत. जहाजवाले रंगात आले होते.

"हौशी माणूस डिंकाचे डाग ठेवतो. दोऱ्या ढिल्या सोडतो. आम्हा व्यावसायिकांचा हात बघा!"

"काका, एक प्रश्न!" भोंगा असा ओरडला, की मागच्या रांगेतल्या आजोबांनी कान झाकले.

चिमटी पुढे झाली. "जहाजाचं चाक फिरवलं, की मागचं सुकाणू वळतं का?"

जहाजवाले हसले. "बाळ, सुकाणू चिकटवलेलं असतं. डेकच्या खाली, कुणाला दिसणार नाही तिथं दोरे ओवत बसायला वेळ कुणाला आहे? असले चाळे हौशी लोक करतात!"

"म्हणजे तुमच्या या जहाजाचं वळत नाही?"

"नाही म्हणजे नाही!" त्यांनी बाजूला ठेवलेलं पेटीचं झाकण उचललं. "आता बंद करूया."

"थांबा!" सुतळीनं आपला लांब हात पेटीवर आडवा टाकला.

चिमटीनं खिशातून चिमटा काढला. ह्या माणसानं नाव घासून काढताना सुकाणूला डिंक लावला असेल तर? मग आपण खोटारड्या, मामा खोटारडा. तिनं चिमट्यात ते बटणाएवढं चाक पकडलं आणि हळूच फिरवलं.

टक्.

सुकाणू डावीकडे वळलं. तिनं उलट फिरवलं. उजवीकडे वळलं!

प्रमुख बाई उठून पेटीजवळ आल्या.

"तो दोरा आत ओवायला आम्हाला चार रविवार लागले!" चिमटीचा आवाज फाटला. "मामानं आणि मी! ज्यानं केलं त्यालाच माहीत असणार ना?"

"क... काहीतरी गैरसमज..." म्हणत जहाजवाले दाराकडे सरकले. माफी मागायची राहूनच गेली.

बाईंनी मामाला बोलावून घेतलं. "मुलांनी आमचे डोळे उघडले. शाबास!"

"मी सकाळीच ओळखलं होतं, हुशार आहेत पोरं!" पहारेकरी म्हणाला. चिमटीनं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो खुर्च्या उचलायला लागला.

"तळाचा डाग भरून घेऊ," बाई म्हणाल्या.

"नको," मामा म्हणाला. आवाज कधी नव्हे तो कडक होता. "राहू दे. दिसू दे लोकांना."

शेवटी कुणाचं काय गेलं? जहाजवाल्यांची पाटी गेली आणि नावही गेलं. पहारेकऱ्याची ऐट गेली, तीही दोन दिवसांपुरतीच. आणि मामाच्या जहाजावर तो डाग राहिला. काही चूक न करता सगळ्यात जास्त किंमत मोजली ती मामानंच. बाईंची शाबासकी खिशात घालूनही घरी जाताना चिमटीचा राग उतरला नव्हता, तो म्हणूनच.