न लावलेली कडी

मोबाइल उलटे ठेवा आधी. आणि गोष्ट संपल्यावर 'हे खरंच घडलं का' म्हणून मला छळायचं नाही. रेणुकादासला तुम्ही सगळे ओळखता, त्यालाच विचारा. सांगणार नाही तो, पण विचारा.

गेल्या भाद्रपदातली चतुर्दशीची रात्र. शस्त्रानं मेलेल्यांची ती तिथी, दुसऱ्या दिवशी सर्वपित्री. रेणुकादास आपल्या औशातच शाळेत इतिहास शिकवतो आणि माझ्या शेजारी राहतो. त्या संध्याकाळी तो मोटारसायकल घेऊन लातूरला पळसाची पानं आणायला गेला होता. ज्याचं प्रेतच मिळालं नाही, त्याचा पानांचा पुतळा करून अग्नी देतात, त्यासाठी.

पुतळा करायचा होता त्याच्या आईच्या वडिलांचा. ते निजामाच्या पलटणीत शिपाई. एकेचाळीस साली पलटण मलायाला गेली, तिथं जपानी उतरले, आणि पुढं काहीच कळलं नाही. मेल्याची तार नाही की जिवंत असल्याचा निरोप नाही. निघताना म्हणाले होते, रात्री-अपरात्री येईन, दाराला कडी लावू नका. घरात बायको आणि रांगणारी मुलगी. बायकोनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही आणि कडी लावली नाही. ती रांगणारी मुलगी म्हणजे इंदूबाई, रेणुकादासची आई. एकुलती म्हणून जावईच घरात आणला, त्यामुळं त्या कायम त्याच घरात. त्यांनीही कडी लावली नाही. चोरांनासुद्धा त्या घराचा कंटाळा आला असेल. दर दोन-चार वर्षांनी दाराला ऑइलपेंट लागायचा, तशी ती कडी रंगात बुडून दारालाच चिकटून बसली होती.

इंदूबाई खुबा मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. खाणंपिणं सुटलं होतं, पण जीव जात नव्हता. सगळा वेळ डोळे दाराकडं. रेणुकादासला ते बघवेना. तिच्या वडिलांचं उरकून टाकलं तर आईची वाट बघणं तरी संपेल, म्हणून त्यानं पुतळ्याचं ठरवलं. तिला न विचारता.

तर येताना अंधार पडला. किल्ल्याच्या अलीकडं, रस्त्याच्या कडेला एक पोरगा उभा. पंचविशीतला असेल. हात केला नाही त्यानं, नुसता उभा होता. याला वाटलं एसटी चुकली असेल, म्हणून गाडी थांबवली. पोरगा मागं बसला, पानांची पिशवी मांडीवर घेतली. गाडी जराही दबली नाही.

कशाची पानं, म्हणून त्यानं विचारलं. आजोबांसाठी, रेणुकादास म्हणाला.

"मेले का ते?"

"माहीत न्हाई."

मग काय करता, असं पोरानं विचारलं, तेव्हा यानं सांगितलं की मास्तर आहे, सध्या दुसरं महायुद्ध शिकवायलोय.

"कशामुळं झालं ते?"

यानं वर्गात सांगतो तशी कारणं सांगितली. व्हर्सायचा तह. हुकूमशहांची हाव. राष्ट्रसंघ दुबळा. जपानला तेल पाहिजे, रबर पाहिजे.

"ह्यात औसा कुठं आलं, मास्तर?"

रेणुकादास म्हणाला, परीक्षेत तेवढंच विचारतात.

"तिकडं पाऊस लई होता," मागनं आवाज आला. रागाचा नाही, दुःखाचाही नाही. "बूट वाळलेच न्हाईत. कुणाशी लढायलोय, ते कुणी सांगितलंच न्हाई."

रेणुकादासला थांबता येईना. वळून बघवेना...

"घरी कोण हाय?"

"आई."

"चालती का?"

"न्हाई."

"...अजून न्हाई?"

मग नुसती वारं कापणारी गाडी. गावात शिरल्यावर त्यानं मागं पाहिलं. सीटवर पिशवी. पानं तशीच. माणूस नाही.

घरापाशी आला. दार बंद. ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं.

आतून कडी.

आत फक्त इंदूबाई. त्यांना तर कूसही बदलता येत नव्हती.

त्यानं मला हाक मारली. आम्ही परसातली खिडकी उचकटून आत गेलो. इंदूबाई जाग्या होत्या. डोळे दाराकडं नव्हते, हे मी आधी पाहिलं. रेणुकादासला जवळ बसवून घेतलं त्यांनी.

"सगळे घरात आले की कडी लावायची असती," म्हणाल्या. मग त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "तू बाहेर राहिलास का रे? ते ओळखत न्हाईत तुला."

पहाटे गेल्या. त्याला रडू आलं नाही. काहीच आलं नाही, असं तो मला म्हणाला. बधिर झाल्यासारखा पिशवीतली पानं हातात घेऊन बसून होता.

उजाडल्यावर मयत बाहेर काढायचं म्हणून मी दारापाशी गेलो. कडी कोयंड्यात अडकवलेली होती. आणि रंगाचा तो जुना थर दारावरून कडीवर, कडीवरून कोयंड्यावर सलग गेलेला... कुठं तडा नाही, पोपडा नाही.

छिन्नी मीच धरली होती. अर्धा तास रंग फोडावा लागला.