फोन उचलणारं कुणीतरी

आमच्या कंपनीचं सगळं नेटवर्क नऊ वर्षं एका जुन्या कॉम्प्युटरवर चालत होतं. तो भाऊजींनी, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्यानं, उभा केलेला. आतलं सॉफ्टवेअर फुकटातलं, कुणालाही उघडून वाचता येईल असं. काही बदल केला की फाइलमध्ये तारीख टाकून वर एक ओळ लिहायची, ही त्यांची शिस्त. मला नोकरीला त्यांनीच चिकटवलं आणि ही सवयही कान पिळून लावली.

मार्चमध्ये ते गेले. मला रडू आलं नाही. नुसतं बधिर वाटत राहिलं. ताई घरात एकटी उरली.

एप्रिलमध्ये फाइल उघडली, तर एक नवी ओळ. 'तिसरं पोर्ट तापतंय. वायर बदल.' तारीख कालची. हात लावून पाहिलं, खरंच तापलं होतं. कुणीतरी चेष्टा करतंय म्हणून मी पासवर्ड बदलला. आठवड्यानं दुसरी ओळ आली. 'तुझी ताई दोन दिवस जेवली नाही.' मी तिला फोन करून विचारलं. जेवली नव्हती.

ती फाइल मी पुन्हा उघडली नाही. साहेबांना म्हणालो, नेटवर्क चालवायला नावाजलेल्या कंपनीचा तयार डबा घेऊ.

साहेब म्हणाले, "अरे, आहे ते सुरळीत चाललंय. विकतचं दुखणं कशाला?"

सगळे सांगतात तेच मी सांगितलं. वॉरंटी मिळते, बिघडलं तर जबाबदार कुणी असतं, मुख्य म्हणजे फोन उचलणारं कुणीतरी असतं. खरं कारण एवढंच की तो सीलबंद असतो. आत काय लिहिलंय ते मला वाचावं लागणार नव्हतं.

डबा आला. जुनं मशीन मी स्वतः बंद करून कपाटात ठेवलं. ताईकडे जाणं मात्र उद्यावर ढकलत राहिलो. तिच्या दारात अजून भाऊजींच्या चपला होत्या.

जूनमधल्या एका दुपारी नेटवर्क बसलं. मी डब्याच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी तिथूनच डबा तपासला.

"सर, यात वर एक ओळ लिहिलीये. आजची तारीख आहे. वाचू?"

माझ्या उत्तराची वाट न बघता त्यांनी वाचलं.

"'तू वाचेनास, म्हणून यांना सांगतोय. ताईकडे जा.'"

मी मोबाइलवरून ताईला फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला.

"सर," दुसऱ्या कानात बाई म्हणाल्या, "आत्ता आणखी एक आलीये."

"वाचा."

"'राहू दे. पोचली ती माझ्याकडे.'"

मोबाइलवर रिंग अजून वाजत होती.