पंच्याऐंशीवा आलेख

"अहो, हे सगळं तुम्ही हाताने करता?"

माझा चहा कीबोर्डवर सांडता सांडता राहिला. प्रिंटर दुरुस्त करायला आलेला तळमजल्यावरचा कंप्युटरवाला माझ्या मागे उभा राहून स्क्रीनकडे बघत होता.

"नाही, पायाने करते," मी म्हटलं.

तो हसला. असा हसला की मी उगाचच केस कानामागे सारले.

चौऱ्याऐंशी विहिरी आणि प्रत्येकीच्या पाण्याचा एक आलेख. एक्सेलमधून उचलायचा, अहवालात चिकटवायचा आणि तो भलत्याच पानावर पळाला की धरून आणायचा. तीन वर्षं माझा हाच धंदा!

"मॅक्रो लिहून देतो," तो म्हणाला. "कंप्युटरला एकदा शिकवलं की पुढे तो आपलं आपण करतो. तुम्ही फक्त जिथे आलेख हवा तिथे खूण ठेवायची."

"आणि खूण ठेवायची राहिली तर?"

"मग तो बिचारा शेवटच्या पानावर जाऊन बसतो... काय करणार?"

पुढचे पंधरा दिवस तो दुसऱ्या मजल्यावर येतच राहिला. कधी मॅक्रो अडला म्हणून, कधी पेन विसरलं म्हणून. तो येईपर्यंत माझं अर्धं लक्ष जिन्याकडे असायचं, आणि आला की मी मान वर न करता म्हणायची, "आलात? प्रिंटर तर चालू आहे!" काय करू, माझ्या जिभेवर नेमकी थट्टाच येते.

शेवटच्या शुक्रवारी साडेचारला तो फाइल घेऊन आला.

"माझं इथलं काम आज संपतंय. साहेब म्हणतायत, आणखी वर्षभर राहा. राहतो की जातो, ते पाचपर्यंत कळवायचंय."

राहा ना... एवढं एकच बोलायचं होतं. मी म्हटलं, "अच्छा."

अच्छा! कपाळ माझं!

त्याने फाइल माझ्या कंप्युटरवर उघडली. मग म्हणाला, "बटण दाबा."

मी दाबलं... आणि आ वासून बघतच राहिले. पानं आपोआप सरकत होती. पहिली विहीर आली, तिच्या नावाखाली तिचा आलेख अलगद येऊन बसला. मग दुसरी, दहावी, चाळिसावी... कुणाचा हात नाही, धक्का नाही, प्रत्येकाला आपली जागा ठाऊक! अंगावर सर्रकन काटा आला. माझी तीन वर्षांची मानमोड त्याने चहा निवायच्या आत उरकली होती.

"अगं बाई..." एवढंच तोंडातून निघालं.

स्क्रीनच्या कोपऱ्यातली आलेखांची मोजणी थांबली. पंच्याऐंशी.

"एक जास्त कसा?" मी शेवटच्या पानावर गेले. तो एकदम पुढे झाला. "थांबा, ते चाचणीचं पान... काढायचं राहिलं... बघू नका!"

बघू नका म्हटल्यावर कोण थांबतंय?

आलेखावर लिहिलं होतं, 'दुसऱ्या मजल्यावर विनाकारण किती वेळा गेलो.' सोमवारी दोनदा. मंगळवारी तीनदा. काल तर सातदा! उद्यापासूनचे रकाने कोरे.

त्याचे कान लालबुंद झाले होते. "चाचणीला काहीतरी आकडे हवे होते... हेच खरे होते माझ्याजवळ."

"मग हा शेवटी का जाऊन बसला?" मी विचारलं.

"कारण..." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमची खूण कुठे दिसलीच नाही."

घड्याळात पाचला दहा कमी.

मी कर्सर त्या कोऱ्या रकान्यांशी नेला, खूण ठेवली आणि तिला नाव दिलं, 'इथे'.

"बघ, ठेवली," मी म्हटलं. "आता जा... साहेबांना सांगून ये. राहतोय म्हणून."

तो दारापर्यंत धावला, तिथेच थबकला आणि वळला.

"तू मला... 'बघ' म्हणालीस?"