फाईल वेगळी केली तेव्हा

पूर्णा स्टेशनच्या बाकावर शेजारी बसलेला पोरगा लॅपटॉपकडं बघत पुटपुटला, "कोण हाय ही नीलम... रोज माझं काम बिघडवायलीय."

"मीच," मी म्हटलं.

त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. धम्मानंद, ताडकळसचा. पुण्याच्या एकाच कंपनीचं काम आम्ही दोघं घरून करायचो, मी पेडगावातून. एकमेकांची नावं तेवढी माहीत. गाडी येईपर्यंत भांडलो, अन् निघताना त्यानं माझा नंबर घेतला... कामासाठी म्हणे!

काम असं, की सॉफ्टवेअरचा आराखडा आम्ही काढायचा अन् त्यावरून जनरेटर नावाचा प्रोग्राम आपोआप कोड लिहिणार. तो कोड कसा लिहायचा याच्या आम्हा दोघांच्या सगळ्या सेटिंग एकाच फाईलमध्ये. त्यानं मोबाईलसाठी काही बदललं की माझं वेबसाईटचं मोडायचं. मी नीट केलं की त्याचं. मग फोन. आधी तणतण, नंतर हुरडा खाल्ला का इथपर्यंत गप्पा. आईबाबा दिवसभर शेतात, घरात मी एकटी. त्याच्या फोनची मी वाट बघायला लागले होते, खोटं कशाला बोलू?

पण मला मेली नीटनेटकेपणाची खोड. एका रविवारी बसले अन् त्या फाईलचे भाग पाडले. दोघांना लागतं ते एकीकडं, मोबाईलचं त्याच्याकडं, वेबसाईटचं माझ्याकडं. मीटिंगमध्ये साहेबांनी तोंडभरून कौतुक केलं. धम्मानंदनं नुसता अंगठा पाठवला.

त्यानंतर काहीच मोडलं नाही. फोनही आला नाही. काम कसं सुरळीत, अन् घर खायला उठलेलं. मुद्दाम एखादी सेटिंग बिघडवावी असंसुद्धा मनात आलं... माझीच मला लाज वाटली. अशात एका मीटिंगमध्ये साहेब म्हणाले, धम्मानंद आता पुण्याच्या ऑफिसात बसणार, उद्याच निघतोय. मला हे साहेबांकडून कळावं? लय राग आला, अन् रागापेक्षा रडू जास्त.

मीटिंग संपल्या संपल्या फोन लावला.

"काय मोडलं?" त्यानं घाईनं विचारलं.

"काईच न्हाई."

"मग?"

आत्ता नाही तर कधीच नाही, हे कळत होतं.

"काम न्हाई, धम्मानंद... तुमचा आवाज ऐकायचा होता. तुमी मला आवडता."

तो हळूच म्हणाला, "मी कवाधरनं फोन करायला कारण शोधायलोय, नीलम... तुमी एकबी शिल्लक ठेवलं न्हाई."