आवडाबाईंचे हात

सुळेगडाच्या पूर्व बुरुजावर उजेड फुटला तेव्हा खालच्या खोऱ्यात धुके दाटले होते, आणि त्या धुक्यातून मोगली छावणीतल्या चुलींचा धूर, घोड्यांचे खिंकाळणे आणि मधूनच नौबतीवर पडणारी टिपरी वर येत होती. वेढा पडल्यापासून गडावरच्या माणसांना पहाटेचा हा गलबला इतका सवयीचा झाला होता, की तो थांबला असता तरच ती दचकली असती.

किल्लेदार सयाजीराव दळवी वेढ्याच्या पहिल्याच हल्ल्यात तटावर पडले. त्यांची चिता जळत असताना पत्नी आवडाबाई यांच्या डोळ्यांतून टिपूस गळले नाही, हे सगळ्या शिबंदीने पाहिले, आणि किल्लेदारीची वस्त्रे, फर्मान काही नसताही त्या दिवसापासून गड त्यांच्या शब्दात आला. "बाई दगडाची आहे," असे लोक कौतुकाने म्हणत. लोकांचे काय जाते म्हणायला! त्या दगडाला पहाटे स्वतःची मूठ मिटता येत नव्हती, हे त्यांना कुठे ठाऊक होते?

बोटांची मधली पेरे लाल होऊन फुगली होती, दोन्ही मनगटे सारखीच धरली होती, आणि जमिनीवर पाऊल टेकले की तळव्याखाली खडी पसरल्यासारखे होई. ऊन वर चढे तसतसे अंग मोकळे होई, संध्याकाळी अंगात तापाची कसर येई, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच. एरवी तापल्या वाळूचा शेक आणि सुंठेच्या काढ्यातले एरंडेल यांवर निभावून जाई. पण एरंडेल तटावरच्या दिवट्यांनी पिऊन टाकले आणि लाकूडफाटाही सरत आला.

"खरे सांगा वैद्यराज, हा महारोग तर नव्हे?" त्यांनी गडावरच्या त्र्यंबकभट वैद्यांना एकदा विचारले होते.

"नव्हे, बाईसाहेब. हा आमवात. गडावरचेच लोक गडावर उठावे, तसे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठते. महारोग हात बधिर करतो, हा जाळतो. कोणाला लागत नाही आणि सहजी जातही नाही."

"मग ही गोष्ट तुमच्या-माझ्यात राहू द्या," असे बाई म्हणाल्या. चूक झाली ती इथे.

कारण सुळेगडाचे दोन शिरस्ते होते. दरवाजाच्या किल्ल्यांचा जुडगा रात्री किल्लेदाराच्या उशाशी असे, आणि पहाटे तो त्याने स्वहस्ते दरवाजावरच्या हवालदाराला द्यायचा. दुसरा शिरस्ता क्रूर होता: महारोग्याला घोंगडी आणि गाडगे देऊन दरवाजातल्या लहान दिंडीतून खाली सोडत, मग तो राव असो की रंक.

त्या पहाटे आवडाबाई पदराआड हात झाकून दरवाजापाशी आल्या, तो हवालदार राणोजीच्या शेजारी सरनौबत सुभानजी काटे उभा. शत्रूचा अभयाचा कौल घ्यावा, गड खाली करून द्यावा, असे सुभानजी कित्येक दिवस आडून आडून सुचवत होता. शेजारच्या मोरधारकरांनी कौल घेतला होता. त्यांच्या बाप्यांच्या उडवलेल्या माना आणि बायकापोरांना बांधलेले दोरखंड बाईंनी याच बुरुजावरून पाहिले होते.

जुडगा पुढे करताना बोटांनी दगा दिला आणि किल्ल्या फरसबंदीवर खणखणल्या. सुभानजीने अदबीने वाकून त्या उचलल्या, बाईंच्या हातात ठेवल्या, आणि ठेवता ठेवता तो हात करकचून दाबला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण बाईंनी पापणी लवू दिली नाही. उभ्या जन्मात लवू दिली नव्हती. सुभानजी मुजरा करून निघून गेला.

सूर्य वर आला नाही तोच सदरेवर शिबंदी जमवल्याचा निरोप आला.

"गडकरी हो," सुभानजी बोलू लागला, "जीभ रेटत नाही, पण मिठाला जागून बोलणे प्राप्त आहे. बाईसाहेबांस महारोग जडला आहे. बोटे वाकली, किल्ल्या गळतात. आज मी त्यांचा हात सारा जोर लावून दाबला, राणोजी साक्षीला आहे, तरी त्यांना कळ म्हणून लागली नाही. शिरस्ता तुम्हास ठाऊक आहे. घोंगडी आणि गाडगे दिंडीपाशी ठेवले आहे."

सदर मागे सरकली. काल बाईंच्या हातून भाकर घेतलेल्या गोलंदाजाने नकळत तळवा धोतराला पुसला, आणि ते बाईंनी पाहिले. वैद्यांनी पुढे होऊन आमवात म्हणजे काय ते सांगू पाहिले.

"भटजी, तुम्ही त्यांच्या पदरचे," सुभानजी म्हणाला. "तुमच्या शब्दाला मोल काय?"

आपण खाली गेलो की जुडगा याच्या हाती, आणि याच्या हातून शत्रूच्या, हे बाईंना लख्ख दिसले. न लवलेली पापणीच आपल्यावर उलटली, हेही दिसले.

"सरनौबत," त्या म्हणाल्या, "माझे डोळे बांधा. हवे ते बोट, हवे तेव्हा दाबा. मला कळले नाही, तर मी आपल्या पायांनी दिंडी उतरेन."

डोळे बांधले. दोन्ही हात सदरेच्या दगडावर ठेवून त्या बसल्या. सुभानजी नुसताच उभा राहिला. बाई भिऊन खोटीच ओरडेल, असा त्याचा हिशेब. अंधारात वाट पाहताना त्यांच्या कपाळावर घाम फुटला, पण त्या गप्प राहिल्या. कोणीतरी खोकले. आणि मग त्याने चिमटीत एक पेर धरून दाबले.

आवडाबाईंनी किंकाळी फोडली. चितेपुढे गिळलेली, तटावर गिळलेली, रोज पहाटे उशीत कोंबलेली, सगळी एकदम बाहेर आली, आणि सदरेवरच्या निबर माणसांच्या अंगावर काटा आला.

"डावी करंगळी," त्या हुंदक्यात म्हणाल्या.

मग त्याने नुसती गवताची काडी टेकवली. "उजवे मधले बोट."

मग मात्र सुभानजीचा तोल गेला. त्याने त्यांचे मनगटच दोन्ही मुठींत धरून पिळले आणि सोडीना. बाई कोलमडल्या. तेव्हा राणोजीचा हात त्याच्या खांद्यावर पडला. "पुरे, सरनौबत. सोडा तो हात."

बाईंनी डोळ्यांवरची पट्टी ओढून काढली. गाल ओले होते. त्यांनी ते पुसले नाहीत. "मला दुखते, बाबांनो. रोज दुखते. खाली छावणी पाहिली की भीतीही वाटते. या हातांतून किल्ल्या जमिनीवर पडतील. शत्रूच्या ओंजळीत पडणार नाहीत."

बोलणे संपते न संपते तो बुरुजावरून हाकारा आला. शत्रूची एक तुकडी गडाची वाट चढत होती. शिड्या नाहीत, दोर नाहीत, वऱ्हाड निघावे तशी निवांत. दरवाजा उघडा मिळणार, असे कोणीतरी त्यांना सांगून ठेवले होते. सगळ्यांच्या नजरा सुभानजीकडे वळल्या, आणि त्याने मान खाली घातली.

तुकडीवर तटावरून धोंड्यांचा वर्षाव झाला, आणि जे वाचले ते जीव घेऊन पळाले. सुभानजीला त्याच दिवशी दिंडीतून सोडले. घोंगडी आणि गाडगे तयारच होते.

उन्हाळ्यात खोऱ्यातले पाणी आटले आणि वेढा उठला. आमवात काही उठला नाही. पण आता राणोजी दरवाजापाशी तव्यावर वाळू तापवून ठेवी, बाई तिच्यात हात खुपसून सगळ्यांदेखत मोठ्याने कण्हत, आणि बोटे मोकळी झाली की किल्ल्या देत; दरवाजा उशिरा उघडे, त्याची कोणी तक्रार केली नाही. ते कण्हणे ऐकू आले की रात्रपाळीचे पहारेकरी एकमेकांना म्हणत, "बाईसाहेब जाग्या आहेत," आणि निर्धास्तपणे झोपायला जात.