जुना राउटर

उन्हाळ्यात मानोरा गावाची दुपार ओस असते. दुकानांची शटरं अर्धी खाली येतात, गल्लीत कुत्रंही दिसत नाही, घराघरांतून नुसती कूलरची घरघर ऐकू येते. अशा दुपारी धम्मदीपा समोरच्या खोलीत बसून एका विमा कंपनीचं काम करायची. मागच्या खोलीत तिचे वडील जानराव खाटेवर पडून असत. लकव्यानं त्यांची उजवी बाजू गेली होती, बोलणं मात्र शाबूत होतं. घरून काम करायची मुभा होती म्हणूनच ती त्यांच्याजवळ राहू शकत होती, आणि ते काम सगळं वायफायवर चालायचं.

तेच वायफाय रोज दुपारी बंद पडायचं. राउटरचे दिवे वेड्यासारखे लुकलुकायचे आणि उन्हं कलली की आपोआप ताळ्यावर यायचे. साहेबांनी समज दिली तेव्हा तिनं मावसभावाला बोलावलं. संघदीप तालुक्यात इंटरनेटच्या जोडण्या द्यायचा.

लॅपटॉपवर बराच वेळ पाहून तो म्हणाला, "ताई, याच्यात दोष आहे. बाहेरून कोणीतरी याले सारखं विचारून राह्यलं. हा दरवेळी उत्तर देत बसते, त्यातच दमते. मंग घरच्याइसाठी याच्यात जीवच उरत नाही."

"पण विचारून कोण राह्यलं?"

"ते समजत नाही. पत्ताच लागत नाही." त्यानं राउटर उलटा करून मागची चिठ्ठी पाहिली. "हा लय जुना झाला, याले आता अपडेट येत नाही. बदलून टाकू."

त्यानं नवा राउटर लावला, अपडेट केला, पासवर्ड बदलला, बाहेरून आत यायची वाट बंद केली. जुना काढून फळीवर ठेवला.

दुसऱ्या दुपारी दिवे शांत होते. धम्मदीपाला कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला, "कोण?"

"कोणी नाही, बाबा."

"कोण?"

ती उठून गेली. जानरावांची नजर छताला लागली होती. "जानराव..." ते म्हणत होते. "हो... घरीच... कोण?" दोन शब्दांच्या मध्ये एका श्वासाइतकी जागा सुटायची, समोरच्याचं ऐकून घ्यावं तशी. कूलरच्या ओल्या वाळ्याच्या वासात तापलेल्या प्लास्टिकचा वास मिसळला होता.

"बाबा, कोणाशी बोलून राह्यले तुमी?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना तिला काहीतरी सांगायचं होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. पण तोंड उघडलं की बाहेर यायचं ते, "कोण?" तिनं चमच्यानं पाणी दिलं. गिळायला उसंत नव्हती. पाणी हनुवटीवरून उशीवर ओघळलं. आवाज बसत चालला, छाती भात्यासारखी हलू लागली.

तिनं धावत जाऊन नव्या राउटरची पिन उपसली. बोलणं थांबलं नाही. मग तिला संघदीपचं बोलणं आठवलं: हा दरवेळी उत्तर देत बसते. तिनं फळीवरचा जुना राउटर काढला आणि वायर जोडली. दिवे लागले, क्षणभर स्थिर राहिले आणि मग पुन्हा वेड्यासारखे लुकलुकू लागले.

"को..." जानराव म्हणाले, आणि गप्प झाले.

थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं. पेलाभर पाणी एका दमात प्यायले.

"मी थांबलो असतो, दीपा," ते पुटपुटले. "पन ते थांबूच देत नोतं."

"काय विचारत होतं?"

"घरात कोण आहे म्हने. मी सांगलं... तरी पुन्हा तेच."

तिनं संघदीपला फोन लावला. उन्हं अजून कलली नव्हती.

"तसला नवा राउटर आणखी कुठं बसवला तू?"

"आज सकाळी माह्या घरीच बसवला. काहून?"

"आत्ताच्या आत्ता काढ. जुना लाव. संघदीप, ऐकून राह्यला ना?"

पलीकडून कूलरची घरघर तेवढी ऐकू आली.

"संघदीप?"

"कोण?"

"मी... दीपा."

"हो... कोण?"

तिनं पुन्हा आपलं नाव सांगितलं, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. पलीकडे एका श्वासाइतकी जागा सुटली.

"घरीच," संघदीप म्हणाला.

तिनं तर काहीच विचारलं नव्हतं.