झापांचं घर

झावळ्यांचा भारा डोक्यावर घेऊन जागृती वळली आणि भाऱ्याचं शेपूट एका मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर सपकन बसलं.

"अवो, दिसत न्हाय का?"

"दिसलं ना... म्हणूनच थांबलो," तो हसला. गालाला खळी पडली.

मेल्यानं हसायला नको होतं. हसला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

तो धनेश. उरणकडचा. गवतानं किंवा विणलेल्या झावळ्यांच्या झापांनी शाकारलेली घरं टिकावीत म्हणून एक संस्था त्यांचा विमा काढणार होती, आणि घरं पाहायचं काम याच्याकडे. अट एकच – घरात माणसं राहती हवीत.

"नामाकाकांचं घर... ते समोरचं का?"

नामा तिचा बाप. समोरचं घर तिचंच. कुडाच्या भिंती, वर काळी पडलेली झापं. आजूबाजूला सगळ्यांचे गुलाबी-पोपटी स्लॅब. शहरातली माणसं दिवेआगरला यायची, या छपरापुढे तोंड वेडावून फोटो काढायची आणि रात्री एसीत जाऊन झोपायची. जागृतीनं मात्र कॉलेजातल्या एकाही मैत्रिणीला कधी घरी आणलं नव्हतं.

"ते? ते... गोठा हाय आमचा. आमी ऱ्हातो त्या पोपटी स्लॅबमधी."

स्लॅब चुलत्याचा होता.

"गोठा? आणि अंगण इतकं देखणं सारवलेलं? गायी नशीबवान आहेत."

"म्हशी हायत."

"मग म्हशी नशीबवान," म्हणत तो गेला. जाताना वळून पाहिलं. तिनंही – कशाला खोटं बोला – पाहिलं.

संध्याकाळी बाप अंगणात झापं विणत बसला होता. अंगात लग्नाकार्यातला सदरा. सकाळपासून घालून बसलेला.

"विमेवाला आला न्हाय गं," तो म्हणाला. "विमा झाला असता तर परेशचं तोंड बंद झालं असतं. आता पावसाच्या आधी घर पाडून स्लॅब घालनार म्हनतो."

परेश तिचा थोरला भाऊ. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवायचा, बोलला की करायचाच.

एका खळीपायी जागृतीनं जन्मदात्याला म्हशींच्या रांगेत बांधलं होतं!

दुसऱ्या दिवशी शाकारणी. आळीतली माणसं आली. इथली रीत अशी, की मजुरी कुणी घेत नाही, सगळे इथंच जेवतात. पण एक तरी झाप छपरावर चढवल्याशिवाय पानावर बसायचं नाही. बाप आढ्यावर बसलेला, जागृती खालून झापं देत होती. तेवढ्यात मोटरसायकल थांबली.

"अरे वा! गोठा शाकारायला एवढी माणसं?"

वर बापाचा हात थांबला.

पळून जावं, असं तिला वाटलं. पण पळाली असती तर घर गेलं असतं.

"गोठा न्हाय," ती म्हणाली. "घर हाय. माझं. तो वर बसलाय तो माझा बाप. मी खोटं बोलले."

"का पण?"

"लाज वाटली... तुमी हसलात म्हणून वाटली. दुसरं कोन असतं तर नसती वाटली."

बायकांनी पदर तोंडाला लावले. धनेशचे कान लालभडक. हसली नाही ती एकटी जागृती. तिला वर बघायचा धीरच होत नव्हता.

धनेश वाकून आत गेला. चूल पाहिली, अंथरुणं पाहिली. बाहेर आला तो शिडीजवळ बूट काढू लागला.

"काय करताव?"

"जेवायचंय इथं," तो हळूच म्हणाला. "आज... आणि पुढंही, तुम्ही बोलावलंत तर. घर म्हणून लिहितो मी. होईल विमा."

"पडाल."

"मग विमा माझाही काढा."

तो लटपटत चढला. तिनं झाप वर केलं. धरता धरता त्यानं तिची बोटंही धरली, आणि सोडायला – जरा उशीर केला. तरी तिची मान खालीच.

"बाबा..." ती कशीबशी म्हणाली.

वर बापानं हातातल्या झापाची गाठ आवळली.

"रडतीस काय, जागृते," आढ्यावरून बाप खेकसला. "दुसरं झाप दे. आणि शिडी धर नीट, तो पडंल."